घड्याळात पाच मिनिटं उरली होती

अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमध्ये सामन्याची खरी वेळ स्कोअरबोर्डवर चालते, आणि ते घड्याळ टचलाइनलगतच्या टेबलावर बसलेला माणूस चालवतो. 16 डिसेंबर 2024, सोमवारची रात्र, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावचं वेकमेड सॉकर पार्क. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना; तिच्या सगळ्यात वरच्या गटाची, डिव्हिजन वनची, पुरुषांची फायनल होती आणि बटण माझ्या बोटाखाली होतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असे तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो. तिथं शेवटची मिनिटं किती लांबतील ते रेफरीलाच ठाऊक, आणि त्यावर पेठेत आठवडाभर वाद. इथं तो वादच संपवलाय. 45:00 वरून उलटी मोजणी. गोल झाला, कार्ड निघालं, पेनल्टी मिळाली की घड्याळ थांबतं. जखमी खेळाडूसाठी रेफरीने खूण केली तरी थांबतं. 00:00 झालं की भोंगा. तोवर चेंडू अख्खा गोलरेषेपार गेला नसेल तर गोल नाही. फुटबॉलच्या जुन्या भक्तांना हे पाप वाटतं. मला आवडतं. अर्थात, मी बटणामागे बसतो म्हणूनही असेल!

त्या रात्री स्टँडमध्ये बघावं तिकडं हिरवा रंग, कारण फायनलला आलेल्या व्हरमाँट आणि मार्शल या दोन्ही विद्यापीठांचा रंग हिरवाच. मार्शलने उपांत्य फेरीत अव्वल मानांकित ओहायो स्टेटला घरी पाठवलं होतं. व्हरमाँटला तर मानांकनच नव्हतं. डेन्व्हरला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून ते इथवर आले होते.

आमच्या टेबलावर कुणाचीही बाजू घ्यायची नसते, टाळीसुद्धा वाजवायची नसते. नजर चेंडूपेक्षा रेफरीच्या हातावर ठेवायची. त्यामुळे फायनलला हजर असूनही मी निम्मा सामना पाहिलाच नाही. उत्तरार्धात मार्शलने गोल केला. घड्याळ थांबवलं, मैदानाच्या मधून खेळ पुन्हा सुरू झाल्यावर चालू केलं. शेवटच्या दहाएक मिनिटांत मार्सेल पापने बरोबरी साधली आणि व्हरमाँटच्या लोकांनी जो गलका केला, त्यात शेजारच्या स्कोररचा आवाज मला ऐकू येईना. बरोबरीने माझं एक काम मात्र वाचलं. शेवटच्या पाच मिनिटांत आघाडीवरच्या संघाने खेळाडू बदलला तरी घड्याळ थांबवावं लागतं, म्हणजे वेळ खाता येत नाही. 1-1 असताना आघाडीवर कोण?

भोंगा वाजला. आता जादा वेळ, दहा-दहा मिनिटांचे दोन भाग, पण गोल झाला की तिथंच खेळ खलास. गोल्डन गोल. मार्शलला याची चव माहीत होती. कोविडमुळे लांबलेल्या 2020 च्या हंगामाची फायनल मे 2021 मध्ये याच मैदानावर झाली, तेव्हा जादा वेळेतल्या एका गोलवर इंडियानाला हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद पटकावलं होतं.

10:00 वरून घड्याळ सोडलं. 95वं मिनिट. मागून लांब चेंडू आला, मॅक्सिमिलियन किसेल या जर्मन पोराने बचावपटूला अंगावर घेत तो मिळवला, पुढे आलेल्या गोलकीपरला चकवलं आणि रिकाम्या जाळ्यात ढकलला. हे मी नंतर व्हिडिओत नीट पाहिलं. त्या क्षणी दिसला तो फक्त रेफरीचा हात, आणि बोट आपोआप दाबलं गेलं.

व्हरमाँटचं हे पहिलंच विजेतेपद. खेळाडू धावत सुटले, एकमेकांवर पडले. मार्शलची पोरं जागच्या जागी बसली. बोर्डावर पाच मिनिटं आणि वर काही सेकंद तसेच उजळलेले होते. सवयीने मी पुन्हा सुरू करायची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी पेन टेबलावर ठेवलं तेव्हा हात मागं घेतला. मग सह्या, गोलच्या वेळा दोनदा ताडून बघणं, कागद पुढं देणं.

फोन उघडला तर कोल्हापुरातल्या मित्राचा मेसेज. तिकडं मंगळवारची सकाळ, चहा पीत तो सामना बघत होता.

"भावा, घड्याळात अजून पाच मिनिटं हाईत, आन् ही नाचाय लागली?"

मी गोल्डन गोलचा नियम लिहून पाठवला.

"आपल्याकडं आणू नकोस असला," त्याचं उत्तर आलं. "हरलेल्या तालमीला उरलेली पाच मिनिटं कोण समजावणार?"