पहिला नंबरवाला गायब झाला तेव्हा

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळलेले कुणी मनावर घेत नाही. ओट्याओट्यावर डाव बसतात, सासरहून आलेल्या मुली झोक्यावर गाणी म्हणतात. २०२४ च्या आखाजीला, मे महिन्यात, अमळनेरच्या आमच्या गल्लीतही तेच चाललं होतं. मी मात्र वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर होतो. मावशीने खालून हाक मारली, "काय करी ऱ्हायना रे?" आणि आईने परस्पर सांगून टाकलं, "कामवर शे त्यो." तेव्हा ऑनलाइन पोकर हेच माझं काम होतं आणि घरात ते काम म्हणून मानायला आईच काय ती तयार होती.

स्पर्धा लहान होती. प्रवेश साडेपाचशे रुपये, त्यातले पन्नास कंपनीचे. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही रात्रभर पैज लावत बसतो. खरं तर बहुतेक वेळ पानं टाकून देण्यातच जातो. दर आठ मिनिटांनी ब्लाइंड वाढतात, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांना, एकाला छोटी आणि एकाला मोठी, सक्तीने भरावी लागणारी रक्कम वाढते. नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजत जातात. आम्ही आपला ढीग चिप्सच्या आकड्यात मोजतच नाही, तो किती मोठे ब्लाइंड पुरेल यात मोजतो. सगळं गणित तिथून सुरू होतं.

मध्यरात्र उलटली तेव्हा तिघे उरलो होतो. पहिल्या नंबरवाल्याकडे पन्नासेक ब्लाइंड, माझ्याकडे बावीसच्या आसपास, तिसऱ्याकडे पंधरा. पहिला सुरेख खेळत होता. माझ्या दोन बतावण्या त्याने ओळखल्या होत्या. आणि अचानक त्याच्या नावाखाली 'डिस्कनेक्टेड' आलं. जादा वेळ संपला आणि सॉफ्टवेअर त्याची पानं आपोआप टाकू लागलं.

गैरहजर माणसाचे ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवाय दर डावाला भरावी लागणारी रक्कम, कापणं थांबत नाही. तिघांच्या टेबलावर एका फेरीत त्याचे अडीच ब्लाइंड जातात आणि तो नसल्यामुळे फेरी मिनिटभरात संपते. मोठ्या स्पर्धेत निदान पुढचा ब्रेक येईपर्यंत तग धरता येतो. अशा छोट्या स्पर्धेत पंधरा-वीस मिनिटांत पन्नास ब्लाइंडचा माणूस साफ होतो. कंपन्यांनी जाहिरातींवर जेवढा पैसा उधळला, त्यातला थोडा जरी याचा नीट नियम करायला लावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तिसऱ्याचा चॅटवर मेसेज आला, "भाई, आपस में क्यों लड़ना? एक बार तू ले, एक बार मैं."

मोह पडण्यासारखंच होतं. तिसऱ्या आणि दुसऱ्या बक्षिसात बराच फरक होता आणि आम्ही दोघं एकमेकांशी न भिडता बसलो असतो तर गैरहजर माणूस आपसूक तिसरा गेला असता. पण हे संगनमत आहे. पोकरमध्ये याहून घाण दुसरी नाही. मी उत्तर दिलं नाही. गैरहजराचा मोठा ब्लाइंड असला की बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागी, मी असायचो आणि पहिला बोलणारा मीच. त्या प्रत्येक डावात मी रेझ केला, म्हणजे पैज वाढवली, पानं कशीही असोत. माझ्यानंतर स्मॉल ब्लाइंडवर तो तिसरा. त्याला अडवायचं तर खऱ्या पानांनी अडव, एवढंच मला म्हणायचं होतं.

तो चिडला. मला शिव्या लिहिल्या आणि पुढच्या अशाच डावात ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. माझ्याकडे दश्शीची जोडी. त्याची पानं उघडली, एक्का-पंजी. अशा डावात शंभरात सत्तर वेळा जोडी जिंकते. टेबलावर एक्का आला नाही. तो बाहेर.

आता मी आणि एक रिकामी खुर्ची. त्याचा ढीग तोवर निम्म्यावर आला होता. मी रेझ करायचो, त्याची पानं टाकली जायची. पुन्हा रेझ, पुन्हा तेच. पत्त्यांच्या इतक्या वर्षांत इतके सोपे आणि इतके जड डाव मी खेळलेलो नाही. माझं बोट बटणावर थबकायचं. मेमधल्या वादळात आमच्याकडे तारा तुटतात, ट्रान्सफॉर्मर जातात. माझ्या पायाशी इन्व्हर्टर होता म्हणून मी खेळत होतो.

सहा ब्लाइंड उरले असताना तो परत आला. चॅटवर चारच शब्द, "लाईट गेली होती भाऊ." म्हणजे मराठीच. मी फक्त "ओके" लिहिलं. दुसऱ्याच डावात तो ऑल-इन. माझ्याकडे राजा-सत्ती, तेवढ्या छोट्या ढिगासमोर ती कॉल करायचीच, म्हणजे समोरच्याची पैज स्वीकारायचीच असते. त्याच्याकडे राणी-नव्वी. राजा टिकला. त्याने "छान खेळलात" लिहिलं आणि निघून गेला.

पैसे काढताना निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस कापला गेला. पैसे भरतानाचा अठ्ठावीस टक्के जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून होताच. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने तर पैशांचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं, तरी सगळे एकाच दावणीला बांधले गेले. आता मी भावाच्या कृषी सेवा केंद्रात बसतो.

धुळ्याचा एक मित्र, माझ्याबरोबरच शिकलेला, त्या रात्रीवरून अजून भांडतो. त्याचं म्हणणं, दोघेच उरल्यावर मी काही फेऱ्या पानं टाकायला हवी होती, माणूस येईपर्यंत. मी त्याला विचारतो, तिसऱ्याशी मिळून गैरहजराला लुटणं संगनमत, मग गैरहजराला वाचवायला मुद्दाम हरणं वेगळं कसं? दोन्हीकडे पानं बाजूला राहतात आणि निकाल आपण ठरवतो. दोन्हीला नियमपुस्तकात एकच कलम लागतं. तो म्हणतो, पुस्तक बाजूला ठेव, तिथे तू असतास तर? मी म्हणतो, मी असतो तर सहा ब्लाइंड घेऊन असाच ऑल-इन गेलो असतो. तो म्हणतो, हे उत्तर झालं नाही. मला वाटतं, झालं.