जिनिव्हाचा 1 आणि नगरचा मेकॅनिक

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नगरच्या छावणीत कैद केलेल्या जर्मन मेकॅनिकचं पान अखेर लागलं! अडलं होतं ते जिनिव्हाच्या रेडक्रॉसने 1914–18 मध्ये कैद्यांच्या नावाने केलेल्या कार्डावर. कार्डावर तीन क्रमांक, म्हणजे रजिस्टरांतल्या पानांचे पत्ते. पहिला घेऊन रजिस्टर उघडलं की भलतीच माणसं.

गोम अंकाच्या वळणात आहे. जिनिव्हाचे कारकून 1 ला वर चढणारी तिरपी रेघ इतकी लांब देतात की आपल्याला तो 7 वाटतो. त्यांच्या 7 च्या पोटात बहुधा आडवी रेघ असते. पण एकाच कार्डावर दोन-तीन हातांची अक्षरं असतात, म्हणून त्याच हाताचा खात्रीचा 7 आधी शोधायचा. तो नसेल तर 1 आणि 7 ची सगळी रूपं करून बघायची. शंकेचे अंक दोन, म्हणजे चार पानं. पानाच्या माथ्यावर अहमदनगर आहे का ते पाहायचं, मगच नाव. आणि तिन्ही क्रमांक उघडायचे. बरेच जण पहिल्यावरच थांबतात. इथे जन्मगाव तिसऱ्यावर मिळालं.

आडनावाचं नेहमीचंच. रेडक्रॉसची साइट थेट माणूस देत नाही, कार्डांच्या गठ्ठ्यापाशी नेऊन सोडते. पुढे एकेक उलटायचं. मायरची चारही स्पेलिंगं बघा. म्युलरमधल्या यूवरचे ठिपके इंग्रज कारकुनाने हमखास खाल्लेले असतात.

जन्मगाव निघालं नैर्ऋत्य जर्मनीतल्या फाल्त्स प्रांतातलं, आणि बेतच बदलला. प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, सैन्याची दप्तरं एप्रिल 1945 मध्ये पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळाली, म्हणून तिकडची आशा सोडली होती. पण फाल्त्स तेव्हा बव्हेरियाच्या राज्यात, आणि बव्हेरियाच्या युद्धकालीन हजेरीवह्या म्युनिकला शाबूत आहेत! हा गडी मुलकी कैदी, तो त्यात असणार नाही. भाऊ मात्र असू शकतात, आणि त्या वह्यांत आईबापांची नावं, धर्म, धंदा असे रकाने असतात. तेव्हा आता जर्मन हताहतांच्या याद्यांत आडनाव नव्हे, गाव टाकून शोध. उशिराच्या याद्यांत पलटण नसते, जन्मतारखेला वर्षही नसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

अभिलेख पटलवर, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर, ‘इंटर्नी’ (स्थानबद्ध) टाकून हाती फारसं लागत नाही. त्या काळच्या फायलींत मुलकी माणूससुद्धा ‘प्रिझनर ऑफ वॉर’ नाहीतर ‘होस्टाइल एलियन’. अहमदनगरचं स्पेलिंग ‘अहमद’ आणि ‘अहमेद’ दोन्ही तऱ्हांनी टाका.

छावणीतून गेलेली टपालाची जुनी पाकिटं विकणारे फक्त पुढची बाजू दाखवतात, याला काय म्हणावं! पाठवणाऱ्याचं नाव, असलाच तर कैदी क्रमांक, मागच्या बाजूला असतो. मागचा फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे लिहिता लिहिता सुचलं: बायकामुलांना बेळगावला ठेवत, आणि पुष्कळांना ‘गोळकोंडा’ बोटीने मायदेशी धाडलं. मेकॅनिक विवाहित निघाला तर म्युनिकच्या आधी बेळगावच्या फायली काढायच्या.