पाय दाखव

"पाय दाखव," आज्जा म्हणाला.

रविवारची सकाळ, साडेनऊ. बावीस किलोमीटर पळून मी पायरीवर कोसळले होते आणि मनातल्या मनात शाबासकीची वाट बघत होते. त्यानं चष्मा धोतराला पुसला, माझी टाच स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि बाजारात वांगी निवडावीत तशी एकेक बोट फाकवून बघितली. करंगळीला फोड आला होता.

"मोजा ओला होता," निकाल लागला.

जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला उतरायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्र फार भारी होतं. आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतला हवालदार, एकाहत्तरच्या लढाईतला. त्याच्या सन्मानार्थ नात बेचाळीस किलोमीटर पळणार. 'सन्मानार्थ' हा शब्द लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखाच, छापायला बरा, तोंडानं म्हणायला गेलं की जीभ अडखळते. तरी म्हटलं, "आज्जा, तुझ्यासाठी पळणार हाय मी."

"माझ्यासाठी? कोण लागलंय तुझ्या मागं?"

मग अंतराची चौकशी झाली. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. ते वरचे कशाला, म्हणाला. मी सांगितलं, 1908 च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर पुढं तसंच कायम झालं.

आज्जा खूश झाला. "म्हणजे सायबासाठी जादा पळायचं. ते आम्हालाबी होतं की."

खरं तर मला त्याच्याकडून लढाई ऐकायची होती. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरबद्दल मी वाचलं होतं. डिसेंबर 1971, पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला जाऊन बसली होती. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी पाठवली, तर पाकिस्तानी कर्नलनं उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. असा प्रसंग घरात कुणी जगलेलं असावं आणि आपण तो त्याच्याच तोंडून ऐकावा! विचारलं. आज्जा बराच वेळ तंबाखू चोळत बसला. "गोळीचं आम्हाला मागनं कळलं. नदी उतरलो, पाय ओले. दोन दिवस बूट काढला नाही. काढला तेव्हा कातडं मोज्यासंगट आलं."

बस्स. बाकी सगळी लढाई त्यानं कुठं ठेवली आहे, मला माहीत नाही. पायांचं मात्र तो पानपानभर बोलतो. मोजा उलटा करून शिवण बघायची, बोटांच्या बेचक्यात पावडर मारायची, नाडी चवड्यावर सैल आणि घोट्याशी घट्ट बांधायची. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. (माझ्या डॉक्टर मैत्रिणीला हे सांगितलं तर ती फोनवर किंचाळली. करू नका.)

पळायला मी पहाटे कँपातून निघते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, त्यामुळं त्या वेळेला कँपात पळणारी मी एकटी नसते. रंगरूटांची तुकडी मागून येते, बुटांचा एकच ठेका, बाजूनं उस्तादाचा आवाज, आणि अठरा-एकोणीस वर्षांची पोरं मला सहज मागं टाकून जातात. माझ्या बुटांची किंमत त्यांनी विचारू नये अशी माझी फार इच्छा असते. आज्जा म्हणतो तो रगडा हाच. चुकलं की पाठीवर भरलेला पिठ्ठू.

लांबच्या रविवारी मात्र वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची. चढ दिसत नाहीत, पोटऱ्यांना कळतात. बाची सोडलं की थोड्या वेळात दुकानांवरची कन्नड पाटी संपते, फोन थरथरतो आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो. शिनोळी. चहाच्या गाड्यावर मीठ-साखरेचं पाणी पिते आणि वळते. 1956 पासूनचा सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटो, मी रविवारी दोनदा सीमा ओलांडते आणि दोन्हीकडची कुत्री सारख्याच आत्मीयतेनं मागं लागतात. आज्जाचा प्रश्न तेवढ्यापुरता निकालात निघतो.

गेल्या रविवारी बत्तीस झाले. घरी आले तर आज्जा पायरीवर, पुढ्यात परात, परातीत कोमट पाणी. मी न सांगता पाय पुढं केले. त्यानं बोटं फाकवली. कोरडी. फोड नाही. काही बोलला नाही, पाय परातीत सोडले आणि माझा उजवा बूट उचलला. जीभ बाहेर ओढली, खिशातून बॉलपेन काढलं आणि थरथरत्या हातानं आत चार आकडे गिरवले. त्याच्या फौजी नंबरातले शेवटचे चार. ते त्याला झोपेतही येतात.

"हे कशाला, आज्जा?"

"मुंबईत गर्दी किती. हरवला बिरवला तर कुणाचा हाय ते कळायला नको?"

आणि डावा बूट मागितला.