निवांत असताना गोठणारा लॅपटॉप

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की लॅपटॉपच्या प्रत्येक दुखण्याचे खापर उन्हावर फुटते. माझा लिनक्स लॅपटॉप वारंवार गोठू लागला, तेव्हा पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. परंतु मोठा प्रोग्रॅम कंपाइल होत असताना (त्याच्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होत असताना), म्हणजे प्रोसेसर सर्वाधिक तापलेला असताना, तो कधीच अडकत नसे. मी नुसता वाचत बसलो असताना अडकत असे. माझ्या मते हाच फरक निर्णायक आहे. तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. निवांत असताना गोठणाऱ्या यंत्रात मात्र आधी वीजबचतीवर संशय घ्यावा.

वीजबचत करणारे भाग अनेक असतात. इंटेलच्या जुन्या बे ट्रेल प्रोसेसरवर खोल सी-स्टेटमुळे, म्हणजे काम नसताना प्रोसेसर घेत असलेल्या गाढ झोपेमुळे, लिनक्स गोठत असे, तर काही लॅपटॉपवर पॅनेल सेल्फ रिफ्रेशमुळे (चित्र बदलत नसताना पडद्याने तेच चित्र स्वतः दाखवत राहण्याची सोय) केवळ चित्र थिजते आणि आत सारे सुरळीत चाललेले असते. माझ्याकडे माउसचा बाण हलत होता, दुसऱ्या संगणकावरून केलेल्या पिंगला (यंत्र नेटवर्कवर जागे आहे का हे पाहणाऱ्या हाकेला) उत्तरही येत होते, पण फाइल उघडायला गेले की सारे ठप्प होई. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या घडामोडींच्या नोंदवहीत, काहीच सापडत नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते, कारण ज्या ड्राइव्हवर नोंद व्हायची तोच प्रतिसाद देत नव्हता. म्हणून दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आधीच जोडून कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश तिथे वाहते ठेवले, तेव्हा एनव्हीएमई कंट्रोलर, म्हणजे माझ्या वेगवान एसएसडी ड्राइव्हचा नियंत्रक, बंद पडल्याची ओळ अखेर दिसली.

वीज वाचवण्यासाठी एनव्हीएमई ड्राइव्हला आपोआप झोपवण्याची सोय लिनक्समध्ये २०१७ साली, ४.११ या आवृत्तीत आली. ड्राइव्हला जागे व्हायला जास्तीत जास्त किती मायक्रोसेकंद लागलेले चालतील, हे कर्नलला सांगता येते आणि ० दिल्यास ही सोय बंद होते. ग्रबच्या (यंत्र सुरू होताना लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ई’ दाबून हा बदल त्या एका बूटपुरता करता येतो, आणि आधी तसेच करावे. सापडतील तेवढे सगळे पर्याय एकदम घालू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मग नेमका दोष कोणाचा हे कधीच कळत नाही.

गोठणे थांबले, पण ० ठेवल्याने बॅटरी लवकर उतरते आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की ते जाणवते. ५५०० दिल्यावर माझ्या ड्राइव्हची फक्त सर्वांत खोल झोप टळली आणि उथळ अवस्था चालू राहिल्या. प्रत्येक ड्राइव्हचे आकडे वेगळे असल्यामुळे आपल्या ड्राइव्हच्या अवस्था आधी पाहून घ्याव्यात, फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती आली आहे का तेही तपासावे, आणि मगच हा बदल ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहावा.