पुणे ते पंढरपूर सायकलप्रवास: सराटे, बाभळी आणि टायरमधले सीलंट

पालखी मार्गाने पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाणाऱ्याला दिवे घाटाची जेवढी धास्ती असते, तेवढी खरे तर काट्यांची असायला हवी. हडपसर सोडल्यावर घाट लवकरच मागे पडतो; पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर अशा क्रमाने जाणारा रस्ता एकूण दोनशे किलोमीटरहून थोडा अधिक भरतो आणि त्यात दमवणारे चढ फारसे नाहीत. मात्र वाहतुकीपासून सुरक्षित राहण्यासाठी सायकलस्वार ज्या कडेच्या पट्टीवरून चालतो, तिथेच सगळा काटेरी माल साचलेला असतो.

यातला मुख्य शत्रू सराटा. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल पावसाळ्यात निरुपद्रवी दिसते. पावसाळा सरला की तिची फळे वाळून त्यांचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावरचे काटे असे असतात की तो कसाही पडला तरी एखादे टोक वर राहतेच. बाभळीचे काटे दुसऱ्या मार्गाने येतात: शेळ्यांसाठी तोडलेल्या किंवा कुंपणासाठी वाहून नेलेल्या फांद्यांमधून ते रस्त्यावर सांडतात. ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधून सुटलेल्या बारीक पोलादी तारांची त्यात भर पडते, आणि त्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

आम्ही थंडीत, म्हणजे सराटा पुरता वाळलेला असताना निघालो. माझ्या सायकलला 35 मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर होते आणि प्रत्येकात साधारण 60 मिलिलिटर सीलंट होते. सोबत्याच्या सायकलला नेहमीच्या ट्यूब होत्या. सीलंट म्हणजे बहुधा रबराचा चीक आणि त्यात मिसळलेले बारीक कण. छिद्रातून हवा बाहेर पडू लागली की तिच्याबरोबर हा द्रव तिथे ओढला जातो, कण अडकतात आणि चीक गोठून बूच बसते.

फलटणच्या पुढे बरडजवळ चहाला थांबलो, तेव्हा दोघांच्याही टायरांत सराटे रुतलेले होते. मी एकेक उपटला, फुस्स आवाज झाला, छिद्र खाली येईल असे चाक फिरवून धरले आणि पांढरे थेंब येऊन गळती थांबली. हवा किंचित कमी झाली, इतकेच. सोबत्याला मात्र ट्यूब काढून ठिगळ लावावे लागले आणि नातेपुत्याच्या आधी तेच काम पुन्हा करावे लागले, कारण टायरच्या आत मोडून राहिलेले टोक हाताला लागले नव्हते. ट्यूब वापरणाऱ्यांनी म्हणूनच टायरची आतली बाजू कापडाने पुसून पाहावी. अडकलेल्या काट्यात कापड अटकते आणि बोटही वाचते.

माळशिरसच्या पुढे काचेने मागच्या टायरला चीर पाडली, तेव्हा सीलंटची मर्यादा कळली. द्रव फवाऱ्यासारखा उडाला, पण चीर मिटेना. अशा वेळी सायकलसाठी मिळणारी बारीक रबरी वादी सुईने छिद्रात घुसवावी लागते. मोटारसायकलची वादी सहसा फार जाड पडते. वादी बसल्यावर सीलंटने उरलेल्या फटी भरल्या आणि 35 पीएसआयवर आम्ही वेळापूर गाठले. याच कारणासाठी ट्यूबलेस असले तरी एक सुटी ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि हातपंप बरोबर हवेतच. पितळी अडॅप्टरही विसरू नये: वाटेवरच्या पंक्चरच्या दुकानांतील कॉम्प्रेसरची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी असते आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर ती बसत नाही.

तयारी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. नव्या टायरची कड रिमवर बसवताना साधा पंप पुष्कळदा कमी पडतो, तेव्हा साबणाचे पाणी लावून कॉम्प्रेसरने हवा भरावी. दोन्ही बाजूंनी कड बसल्याचा फटाक आवाज यावा. मग हवा सोडून, व्हॉल्व्हचा गाभा काढून सीलंट ओतावे, हवा भरावी आणि थोडे अंतर चालवून एक रात्र वाट पाहावी. आपल्या उन्हात सीलंट काही महिन्यांत वाळते, म्हणून जुने असेल तर टायर उघडून आतली गोळी झालेली साय काढावी आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे द्रव एकत्र मिसळू नयेत. कपड्यांवर पडलेले सीलंट वाळण्याआधी धुतले नाही, तर ते कायमचे राहते.

रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नसेल तर नुसती ट्यूब काढून सीलंट भरण्याचा खटाटोप धोक्याचा आहे, कारण कड अचानक निसटू शकते. अशांनी व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब घेऊन तिच्यातच सीलंट भरावे. सराट्यांपुरते ते चांगले काम करते आणि माझ्या मते या रस्त्यासाठी हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. अरुंद टायरांत 80 पीएसआयच्या पुढे हवा ठेवणाऱ्यांनी मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण तेवढ्या दाबाने बूच धरण्याआधीच द्रव बाहेर फेकला जातो.

मुक्कामी सायकल उभी करताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवावा, नाहीतर रात्रभर साचलेला द्रव त्यात गोठतो आणि सकाळी हवा भरता येत नाही. घरी परतल्यावर, विशेषतः वादी लावलेल्या चाकात, सीलंट किती उरले आहे ते पाहून भर घालावी. आमच्या मागच्या टायरमध्ये जेमतेम निम्मे शिल्लक होते.