तुम्ही विचारलंत म्हणून: लॅब सुरू करायच्या आधी कागद कशाला?

"मॅडम, राउटर ओढून टाकायला दोन मिनिटं लागतात, मग तुम्ही आधी तासभर कागदावर काय लिहून घेता?" माझ्या नेटवर्किंगच्या क्लासात हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. लॅब म्हणजे इथे जीएनएस-३, राउटर (नेटवर्क एकमेकांना जोडणारी यंत्रं) पडद्यावर ओढून जोडायचं सॉफ्टवेअर. पालकही विचारतात, कारण नाशिकच्या कॉलेज रोडवर दुसऱ्या क्लासात पहिल्याच दिवशी ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपापसात रस्ते ठरवायची पद्धत, चालवून दाखवतात म्हणे. दरवेळी मी तुकड्यातुकड्यात काहीतरी सांगते आणि कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

सोपा भाग आधी उरकते. जीएनएस-३ आणि त्याची व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), दोन्हीचं व्हर्जन एकच ठेवा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, विंडोजमध्ये हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी ही सोय चालू राहिली तर व्हीएमवेअरमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नेस्टेड, म्हणजे व्हीएमच्या आत आणखी व्हीएम, मिळत नाही आणि मग दिवसभर एरर बघत बसाल. डायनामिप्सच्या (जुन्या सिस्को राउटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) राउटरला आयडल-पीसी, म्हणजे राउटर रिकामा असताना प्रोसेसरला विश्रांती देणारी सेटिंग, लावल्याशिवाय पुढचा राउटर टाकू नका, एकटा राउटर प्रोसेसरचा एक कोर पूर्ण खाऊन टाकतो आणि मग "लॅपटॉप बदलायला लागेल का" म्हणून मला फोन. बंद करायच्या आधी राइट मेमरी (राउटरची सेटिंग सेव्ह करायची कमांड), आणि कॉन्फिग टेक्स्ट फाइलमध्ये वेगळी काढून ठेवा. हे कुणीही पाळतं, याच्यावर वाद नाही.

वाद कागदावर आहे. कागदावर मी तीनच गोष्टी मागते. या लॅबला नेमकं काय विचारायचंय, खऱ्या लाइनमधलं काय काय यात नाहीये, आणि कोणतं उत्तर आलं तर आपला डिझाइन चुकीचा आहे असं मानायचं. तिसऱ्या प्रश्नाला सगळे अडतात.

आता ते प्रकरण, जे मी एवढे दिवस टाळत होते. दिंडोरीहून एसटीने येणारा माझा एक विद्यार्थी, अतिशय कष्टाळू, अंबडच्या एका कारखान्यात नेटवर्कला लागला. सिन्नरच्या दुसऱ्या प्लांटला जीआरई ओव्हर आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून दोन ठिकाणं जोडणारा कूटबद्ध मार्ग) टाकायचं काम त्याच्याकडे आलं, त्याने जीएनएस-३ मध्ये पूर्ण लॅब लावली, दोन्ही टोकांना व्हीपीसीएस (पिंगसारख्या साध्या चाचण्यांपुरता नकली पीसी), पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारं छोटं पॅकेट) केलं की प्रत्येक ओळीत "८४ बाइट्स फ्रॉम", सगळं हिरवं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याने खऱ्या लाइनवर बदल केला, पिंग पोचलं, साहेबांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरला ईआरपीचं (कारखान्याच्या हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन उघडत होतं पण स्टॉकची यादी उघडली की स्क्रीन तिथंच अडकायची, इनव्हॉइस निघेना, गेटवर ट्रक उभे, आणि मॅनेजर त्याला सगळ्यांसमोर विचारतायत की पिंग तर जातंय ना, मग तुझं नेमकं काय चाललंय? त्याला उत्तर देता येईना कारण पिंग खरंच जात होतं.

मला फोन आला तेव्हा दुपार झाली होती. मी त्याला डीएफ-बिट लावून (म्हणजे पॅकेटचे तुकडे न करता) १५०० बाइट साइजचं पिंग मारायला सांगितलं, ते मेलं. सिन्नरची लाइन पीपीपीओई (एका प्रकारचं इंटरनेट कनेक्शन), तिचा एमटीयू, म्हणजे एका वेळी मावणारं सर्वात मोठं पॅकेट, १४९२ बाइट, त्यातून जीआरईचे २४ बाइट आणि वर आयपीसेकचं ओझं वजा. मोठं पॅकेट मावत नव्हतं, आणि "पॅकेट लहान कर" हा आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा) निरोप सर्व्हरच्या पुढचा फायरवॉल अडवत होता, त्यामुळे सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसला. टनेलवर आयपी एमटीयू १४०० आणि एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा) १३६० टाकल्यावर यादी उघडली. दोन ओळींचं काम. पण तोवर वर निरोप गेला होता की हा मुलगा खेळण्यातल्या राउटरवर टेस्ट करून खऱ्या लाइनला हात लावतो. महिन्याभरात त्याला काढलं. आता तो भावाच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसवर असतो, मी परत ये म्हणाले, तो नको म्हणाला.

सिम्युलेटर खोटं बोलला नव्हता. त्याला ८४ बाइटचं पॅकेट जातं का एवढंच विचारलं होतं, त्याने तेवढंच खरं सांगितलं. मधे एक राउटर आयएसपी (इंटरनेट कंपनी) म्हणून टाकून त्याचा एमटीयू १४९२ केला असता, आयसीएमपी अडवला असता, टोकाला व्हीपीसीएसऐवजी छोटं लिनक्स ठेवून एक मोठी फाइल ओढली असती, तर हे घरच्या टेबलावर दिसलं असतं. जीएनएस-३ मध्ये लिंकवर डिले (उशीर) आणि पॅकेट लॉस (पॅकेट हरवणं) टाकायचे फिल्टर आहेत, किती जण ते उघडून बघतात?

प्रोजेक्टवाल्यांचंही तेच. एनएस-३ चं (संशोधनासाठीच्या वेगळ्या नेटवर्क सिम्युलेटरचं) सिम्युलेशन पुन्हा चालवलं, तोच ग्राफ आला, म्हणजे रिझल्ट पक्का, असं सांगतात. अहो, सीड आणि रन नंबर (सिम्युलेशनमधले रँडम आकडे ठरवणारे नंबर) बदलला नाही तर तोच आकडा येणारच, तसंच बनवलंय ते. वेगवेगळ्या रनवर चालवा, मग सरासरी आणि फरक दाखवा.

पूर्वी मीच शिकवायचे की लॅबमध्ये बिनधास्त तोडा, कुणाचं काय जातंय, आणि तेही मला आज खोटं वाटत नाही. तोडल्याशिवाय हात बसत नाही. कागद मागितला की काही मुलं कंटाळून जातात हे मला दिसतं, आणि त्यातली काही दुसरीकडे शिकून चांगली नोकरी करतायत हेही दिसतं. आणि कागद लिहिला म्हणून एमटीयू सुचलाच असता का? माहीत असल्याशिवाय "यात काय नाहीये" हे लिहिणार तरी कसं? हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता आणि माझ्याकडे अजून त्याचं नीट उत्तर नाही. त्यामुळे या बॅचला मी एमटीयू ओएसपीएफच्या आधी घेतलाय. काही जण म्हणतायत फार लवकर होतंय, कदाचित होतही असेल, पण कागद मात्र मी घेणारच.