डॉक्टरीणबाईंनी आधी चप्पल काढायला लावली

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही बोरिवली पूर्वेला भाड्याने राहायला आलो. गॅस आला, दूधवाला ठरला, डॉक्टर काही ठरेना. सासूबाई 72 वर्षांच्या, मधुमेह 18 वर्षांचा, जोडीला बीपी. मुगभाटातल्या डॉक्टरांकडे त्यांची निम्मी हयात गेली. 'त्यांच्या हाताला गुण होता गं,' हे दिवसातून दोनदा ऐकत होतो.

शेजारणीने सांगितलेल्या दवाखान्यापासून सुरुवात केली. बाहेर चपलांचा ढीग, म्हणजे डॉक्टर चांगला असणार, हा माझाही हिशेब. आईंना खोकला होता. स्टेथोस्कोप लावला न लावला, एक इंजेक्शन आणि कागदाच्या पुड्यांत सुट्या गोळ्या: एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी गुलाबी. कशाच्या म्हणून विचारलं तर 'ताकदीची, तापाची, सुजेची'. ताप नव्हताच. नावं लिहून मागितली तर, 'नावं घेऊन काय करणार?' आई मात्र खूश. इंजेक्शन मिळालं होतं ना!

खोकला दोन दिवसांत गेला आणि साखर 310 वर. गुलाबी गोळी स्टेरॉइडची होती का, हे मी आता सांगू शकत नाही, कारण चिठ्ठीच नव्हती. स्टेरॉइडने साखर चढते, नुसत्या संसर्गानेही चढते. पण पोटात काय गेलं हेच माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरला सांगायचं काय? त्या रात्री मी पहिल्यांदा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधलं. सापडलं नाही. तिथे नाही म्हणून माणूस तोतया ठरत नाही, आयुर्वेद आणि होमिओपॅथीवाल्यांच्या परिषदा वेगळ्या असतात. पण पाटीवर पदवीही नव्हती, नोंदणी क्रमांकही नव्हता. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर, पावतीवर द्यायचा, असा 2002 पासूनचा नियम आहे. इतकी वर्षं मी कधी बघितलाच नव्हता.

दुसरा दवाखाना एसीचा. क्रमांक, पदवी, सगळं फ्रेममध्ये. जिना चढून धापा टाकत आलेल्या आईंना तशीच खुर्ची दिली, मदतनीस मुलाने स्वेटरच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला, आई त्याला काहीतरी सांगत होत्या, आणि बीपी 168. 'गोळी वाढवू या.' शिवाय साखरेची नवी गोळी. आधी काय चालू आहे, हे कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही, ही माझी चूक. घरी आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकवून बसवलं, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, बोलू दिलं नाही. 138. बीपीची वाढीव गोळी मी थांबवून ठेवली आणि तिसरा डॉक्टर शोधायला लागले. साखरेची नवी गोळी मात्र सुरू राहिली.

तिसऱ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहेत. टोकन घेऊन सव्वा तास बसलो. बाई तशा तुसड्या. 'घरातल्या सगळ्या गोळ्या आणल्यात? नाही? मग पुढच्या खेपेला पिशवी घेऊन या.' मी म्हटलं, फोटो आहेत. त्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला आणि थांबल्या. जुन्या डॉक्टरांची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, चालू होतीच. एसीवाल्यांची नवी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन हे साखरेचंच दुसरं औषध आणि तीच ग्लिमेपिराइड एकत्र. म्हणजे ग्लिमेपिराइड दोनदा जात होती. 'पहाटे घाम येतो का? हात थरथरतात?' आठवडाभर येत होता. आम्ही पंख्याला दोष देत होतो. साखर पहाटे खाली जात होती.

मग म्हणाल्या, 'चप्पल काढा, मोजे काढा.' आईंनी माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं, हाताला गुण असलेल्या डॉक्टरांनीही नाही. बाईंनी तळव्याला स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा एक तंतू काढला, आईंना डोळे मिटायला सांगितले आणि तो तळव्याला वाकेपर्यंत टेकवत 'लागलं की सांगा' म्हणत गेल्या. अंगठ्याला लागलं. टाचेला लागलं. उजव्या करंगळीच्या खाली तीनदा टेकवला, आई गप्प. तिथेच सुपारीएवढा फोड होता, चपलेच्या पट्ट्याने झालेला, कडेने लाल. 'दुखत नाही हो,' आई म्हणाल्या. 'तेच तर,' बाई म्हणाल्या.

चिठ्ठी छापील अक्षरांत, वर नोंदणी क्रमांक. ग्लिमेपिराइड एकच ठेवली. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा, लघवीत प्रथिन जातं का ते वर्षातून एकदा, तीन महिन्यांची सरासरी साखर दर तीन महिन्यांनी, असं सगळं तारखांसकट. बीपी दोनदा मोजलं, वाढीव गोळी नको म्हणाल्या. साधी साखर महापालिकेच्या 'आपला दवाखान्या'त फुकट बघून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं.

उणंही आहे. संध्याकाळी आठनंतर फोन कोणी उचलत नाही. मदतनीस मुलगी आजी-आजोबांवर खेकसते. मी बाईंना तसं सांगितलं, त्यांनी नुसतं 'हं' केलं.

आईंचं मत अजून तेच. 'पुडी नाही, इंजेक्शन नाही, नुसती चप्पल काढायला लावली आणि पाचशे घेतले.' फोड तीन आठवड्यांत भरला. रोज रात्री मी आरसा धरते आणि त्या तळवा बघतात, कुरकुरत का होईना. पुढची तारीख बुधवारची आहे. गोळ्यांची पिशवी भरून ठेवली आहे. काल विचारत होत्या, या वेळी तरी इंजेक्शन देतील का गं?